परसदारापासून 'अटॅच्ड'पर्यंत : मराठी न्हाणीघराची दीडशे वर्षे

शौचाला जाण्यासाठी मराठीत 'परसाकडे जाणे' असा एक शब्दप्रयोग आहे. आता तो वयस्कर माणसांच्या तोंडीच उरला आहे. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. याच अर्थाचा जरा सोवळा प्रयोग म्हणजे 'बहिर्दिशेस जाणे'. दोन्हींची दिशा एकच आहे, घराबाहेरची. आज नव्या सदनिकेची जाहिरात उघडली की 'अटॅच्ड' हा शब्द पहिल्या दोन ओळींतच सापडतो. अटॅच्ड म्हणजे झोपायच्या खोलीला जोडलेले. जी जागा एकेकाळी घरापासून शक्य तितकी लांब असावी अशी रीत होती, ती दीडेकशे वर्षांत पलंगापासून चार पावलांवर आली. हा प्रवास कसा झाला, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

आपल्याकडे घरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, दिवाणखाना, माजघर, देवघर यांची वर्णने वाचायला मिळतात. न्हाणीच्या वाट्याला त्यात एखादे वाक्य येते आणि संडासाच्या वाट्याला तेही येत नाही. मी काही शिकून इतिहासकार झालेला नाही. जुने घर पाडले जाणार असे कळले की मालकांची परवानगी काढून टेपने मापे घ्यायची आणि वहीत नकाशा काढायचा, हा माझा गेल्या वीस-बावीस वर्षांचा उद्योग. या वह्या एकापुढे एक ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. घरातल्या इतर खोल्यांच्या जागा फारशा हललेल्या नाहीत. स्वयंपाकघर मागे होते, ते बहुधा मागेच राहिले. बैठक पुढे होती, ती पुढेच राहिली. हलली ती न्हाणी, आणि तिच्याहून जास्त हलला तो संडास. त्यांना हलवणारी कारणेही दोनच दिसतात. घरात पाणी कोण आणते आणि घरातली घाण बाहेर कोण नेते? ही माणसे बदलली की खोलीची जागा बदलते.

न्हाणी

जुन्या वाड्यात न्हाणी असे ती आडाजवळ किंवा मागच्या चौकालगत, स्वयंपाकघरापासून फार लांब नाही. कारण उघड आहे. स्नान झाल्याशिवाय चुलीला शिवायचे नाही, देवाला शिवायचे नाही. दिवस न्हाणीत सुरू होई आणि तिथून सोवळ्यात पुढे सरके. खाली उताराची दगडी फरशी, कोपऱ्यात पाणी साठवायची डोण, शेजारी चुलाणे आणि त्यावर काळाकुट्ट झालेला हंडा. पुढे त्या जागी तांब्याचा बंब आला. बसायला पाट, पाणी काढायला घंगाळ आणि तांब्या, टाचा घासायला वज्री. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे याच अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत तेल-उटणे लावून अख्खे घर एकामागून एक न्हाऊन निघे. आपण अभ्यंगस्नान म्हणतो, त्याची जागा ही होती.

न्हाणीतले पाणी भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या भोकातून बाहेर पडे आणि तिथे लावलेल्या अळूला नाहीतर केळीला मिळे. शिकेकाई, डाळीचे पीठ आणि राख यांचे ते पाणी झाडांना बाधत नसे. म्हणजे न्हाणीचे सांडपाणी घराच्या आवारातच संपत होते. ते उचलून नेण्यासाठी कोणाची गरज नव्हती. न्हाणी घराला चिकटून राहू शकली याचे हे एक साधे कारण आहे.

न्हाणीशी बायकांच्या आयुष्याचा संबंध भाषेतच दिसतो. मुलगी वयात आली की तिला 'न्हाण आले' म्हणत. बाळंतिणीचे शेकणे आणि न्हाऊमाखू याच खोलीत होई. तरी बऱ्याच न्हाण्यांना धड दार नसे. अर्धी भिंत, आडोसा किंवा एखादे जुने लुगडे पडद्यासारखे टांगलेले. पुरुष उठण्याआधी, काळोखात अंघोळ उरकण्याची बायकांची सवय शिस्तीची म्हणून सांगितली जाते. मापे घेताना दाराच्या चौकटीचा मागमूस शोधला, की त्या शिस्तीचे दुसरे कारणही समजते.

पाणी कोणाचे?

या न्हाणीत पाणी येई ते माणसाच्या खांद्यावरून. आड नसलेल्या घरी पाणक्या लागे, नाहीतर घरच्या बायका. शहरात पाणी आणण्याच्या मोठ्या योजना आपल्याकडे जुन्या आहेत. औरंगाबादला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधली. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आले. पण हे पाणी सामान्य माणसाच्या घरात येत नव्हते. ते हौदात येई. हौदापासून न्हाणीपर्यंतचे अंतर माणसानेच कापायचे, आणि हौदाला कोणी शिवायचे हे जात ठरवणार. म्हणून १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ती केवळ पाणी देण्याची गोष्ट नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना जावे लागले, तेही यासाठीच. न्हाणीघराचा इतिहास लिहिताना या दोन तारखा सोडून चालणार नाहीत. घरात अंघोळीची जागा असण्याआधी पाण्यावर हक्क असावा लागतो.

मुंबईत १८६०मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. १८७९मध्ये तुळशी आणि १८९२मध्ये तानसा तलावाची भर पडली. नळाने पाणक्याचे काम हळूहळू संपवले आणि पाणी माडीवर चढवले. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला परस नसतो, आड नसतो, अळूची आळीही नसते. त्याच्यासाठी न्हाणी आकसली आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ती झाली मोरी.

मागची गल्ली

संडासाची गोष्ट वेगळी आहे. वाड्यांत तो आवाराच्या अगदी टोकाला, बोळाच्या बाजूला असे. वर बसण्याची जागा, खाली टोपली किंवा डबा आणि मागच्या भिंतीत बोळाकडे उघडणारे एक बुटके दार. या दारातून मेहतर येई, टोपली रिकामी करी आणि डोक्यावरून मैला वाहून नेई. घरातल्या कोणाला तो दिसू नये, त्याचा स्पर्श कशालाही होऊ नये, हे या रचनेत गृहीत धरलेले होते. माझ्या वह्यांतल्या नकाशांत या बुटक्या दारांची नोंद आहे. बहुतेकांची उंची माझ्या कमरेपेक्षा कमी आहे. माणूस उभा राहून आत येईल अशी अपेक्षाच तिथे नव्हती.

मुंबईत या बोळाला 'हाउस गल्ली' हे नाव मिळाले. दोन इमारतींच्या पाठींमधली हातभर रुंद फट, सफाई कामगाराच्या येण्याजाण्यासाठी राखलेली. शहराने या कामाला कायद्यातही जागा दिली. १८८८च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात पाणीपट्टीच्या जोडीला एक 'हलालखोर कर' होता. हलालखोर हे मैला वाहणाऱ्याचे नाव. पाणी आणणाऱ्या नळासाठी एक कर आणि मैला नेणाऱ्या माणसासाठी दुसरा. नंतर त्या कराचे नाव बदलून मलनिःसारणाशी जोडले गेले. घरात पाणी येण्याचा मार्ग नळ झाला, पण घाण जाण्याचा मार्ग बराच काळ माणूसच राहिला, हे त्या दोन करांकडे पाहिले की स्पष्ट होते.

या माणसाची अवस्था कोणालाच माहीत नव्हती असे नाही. १९३२मध्ये अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले सफाईचे काम आपल्यालाही करू द्यावे म्हणून त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे खत होईल आणि तो ओला असताना कोणाला हाताळावा लागणार नाही, अशा स्वस्त संडासांचे प्रयोग केले. १९४९मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे, ही त्यानंतरच्या प्रत्येक समितीची शिफारस आहे. ती पुन:पुन्हा करावी लागली, यातच सगळे आले.

चाळीची मोरी, ब्लॉकचा संडास

१८९६च्या प्लेगने मुंबईची दाटी सरकारला दाखवून दिली आणि १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानंतर १९२०च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या. बीडीडी चाळी या नावाने त्या ओळखल्या जातात, इमारती २०७. खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. चाळीतल्या मोरीवर भांडी घासली जात, कपडे धुतले जात, लेकरे न्हाऊ घातली जात, पिण्याचे पिंपही तिच्या कट्ट्यालगत असे. मोठ्यांच्या अंघोळीच्या वेळी पडदा ओढायचा आणि बाकीच्यांनी गॅलरीत जायचे. सकाळी संडासाच्या रांगेत डबा ठेवून नंबर लावायचा. या चाळींच्या जागी आता उभ्या राहणाऱ्या इमारतींत रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. तिथे गेलेल्या कुटुंबांना पहिला फरक कोणता जाणवला असेल, हे सांगायला संशोधक लागत नाही.

मध्यमवर्गाने हा फरक आधी अनुभवला. १९१५मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. पुढे दादर, माटुंग्याकडे नव्या वस्त्या झाल्या आणि मराठीत 'ब्लॉक' हा शब्द आला. 'आम्ही चाळ सोडून ब्लॉकमध्ये गेलो' या वाक्यात ब्लॉकचा अर्थ काय? हवा, उजेड, गच्ची हे सगळे खरे. पण नेमका अर्थ असा की संडास दाराच्या आत आला. 'सेल्फ-कंटेन्ड' या विशेषणाचा मुख्य मुद्दा तोच.

हे शक्य केले एका वाकड्या नळीने. नळीला वाक दिला की त्यात थोडे पाणी अडून राहते आणि ते पाणी खालच्या गटारातली दुर्गंधी वर येऊ देत नाही. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग याने १७७५मध्ये अशा बाकदार नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले होते. साधारण दोन इंच पाण्याचा हा पडदा. त्याच्या जोरावर संडास स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बांधता येऊ लागला. मोरीच्या तळाशीही असाच पाण्याचा सापळा बसवला जातो, आणि त्याला देशभरातले प्लंबर आणि स्थापत्य अभियंते 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. ज्यांना मराठीचा गंध नाही तेही हाच शब्द वापरतात. घरातून हद्दपार झालेली न्हाणी अशी प्लंबरच्या पिशवीत टिकून आहे.

मात्र या सापळ्याला फ्लश लागतो आणि फ्लशला पाणी लागते. डोक्यावर बसवलेली, साखळी ओढायची बिडाची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडत असे. खांद्यावरून पाणी आणणाऱ्या घराला हे परवडणे शक्य नव्हते. म्हणजे आधी पाणी आणणारा माणूस नळाने दूर केला, आणि नळ आला म्हणून मैला नेणारा माणूस दूर करता आला. निदान घरातून. जुन्या मुंबईतल्या काही इमारतींच्या पाठीला अजून लोखंडी गोल जिना दिसतो. संडास घरात आला तरी तो साफ करणाऱ्याने पुढच्या जिन्याने यायचे नाही, म्हणून तो बांधलेला.

या काळात आणखी एक बदल झाला, ज्याची नोंद कुठल्याही नकाशात नसते. न्हाणीघराला दार आले आणि दाराला आतून कडी आली. देवघर सगळ्यांचे, स्वयंपाकघर सगळ्यांचे, झोपायची खोलीही बहुधा सगळ्यांचीच. एका माणसाला एकट्याने आतून बंद करून घेता येईल अशी मराठी मध्यमवर्गीय घरातली ही पहिली जागा. बायकांना पहाटेच्या काळोखाची गरज उरली नाही.

फरशीखालचे थर

न्हाणी आणि संडास शेजारी आले तरी बराच काळ त्यांची दारे दोन राहिली. एक सोय म्हणून, सकाळी दोघांना एकाच वेळी वापरता यावे यासाठी; आणि दुसरे सोवळ्याच्या जुन्या कल्पनेमुळे. दोन्हींचे एकत्र दार ही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत रुळलेली गोष्ट.

आमच्या पुण्यातल्या घरात तीन वर्षांपूर्वी बाथरूमचे काम काढले. इमारत ऐंशीच्या दशकातली. मधली भिंत पाडून दोन्ही एक करू, जागा मोठी दिसेल, असे काम करणाऱ्यांनी सुचवले. माझ्या आईने एका वाक्यात नकार दिला : "मी अंघोळ करून देवापुढे बसते, संडासात उभी राहून नाही." भिंत राहिली. पण फरशी फोडताना मी तिथेच बसून होतो, कारण चार-सहा इंचांत मला हवा तो इतिहास निघत होता. वर आधीच्या मालकांनी बसवलेल्या रंगीत टाइल्स. त्याखाली सिमेंटच्या थरात रुतलेली मूळची शहाबादी फरशी. तिच्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाणी खालच्या घरात झिरपू नये म्हणून घातलेला. भिंतीवर कमरेपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाइल्स, आणि संडासात ओरिसा पॅन. शहाबादीच्या घासलेल्या भागावरून पाट कुठे ठेवत, हेही कळत होते. आता त्या जागी शॉवर आहे. बसून अंघोळ करणारे घर उभे राहून अंघोळ करू लागले.

जुन्या न्हाणीत चुलाण्याचा धूर कौलांमधून निघून जाई. आजच्या बंद खोलीत ज्यांनी गॅसचा गिझर आत बसवला आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. हवा खेळती नसेल तर त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. न्हाणी घराच्या पोटात ओढून घेताना तिचे धुराडे आपण बाहेर विसरलो आहोत.

नळीच्या शेवटी

वास्तुरचनाकाराच्या नकाशात मलवाहिनी एका बारीक रेघेने दाखवलेली असते आणि ती रेघ कुंपणाच्या भिंतीपाशी संपते. प्रत्यक्षात ती पुढे जाते. शहरात भुयारी गटार असेल तर त्यात. नसेल तर इमारतीच्याच आवारातल्या सेप्टिक टाकीत. टाकीत मैला साठतो, विषारी वायू साठतात, आणि ती कधीतरी उपसावी लागते. १९९३च्या कायद्याने कोरडे संडास आणि हाताने मैला उचलणे यांवर बंदी घातली. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवणेही गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४मध्ये, १९९३पासून अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३मध्ये ही रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ माणसे अजून उतरवली जात आहेत. कोण उतरवले जातात, हेही जुन्या बोळातल्या बुटक्या दारानेच ठरवलेले आहे. आपण टोपली घरातून काढली, ती जमिनीखाली नेऊन ठेवली.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. जुन्या टाकीच्या हिशेबाने हे पाणी पन्नास हजार वेळा साखळी ओढण्याइतके होते. लातूरसारख्या शहराला ते सकाळच्या काही तासांतच संपवता आले असते. पाण्यावर चालणारे न्हाणीघर आपण मुंबईकडून उचलले आणि तानसा नसलेल्या गावांत बांधत गेलो.

यावर कोणी विचार केला नाही असेही नाही. डॉ. मापुसकर देहूत डॉक्टर म्हणून गेले आणि साठच्या दशकापासून गावात घरोघरी संडास व्हावेत यासाठी झटले. संडासाला जोडलेला जैववायूचा 'मलप्रभा' हा नमुना त्यांनी घडवला आणि आपल्या संस्थेला अप्पा पटवर्धनांचे नाव दिले. मैल्याची विल्हेवाट आवारातच, कोणाच्याही डोक्यावर न देता लावायची, हा त्या दोघांचा समान आग्रह होता. जुनी न्हाणी आपल्या सांडपाण्याचे अळू करत होती, तोच हिशेब त्यांनी संडासाला लावला. २०१७मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव टाइल्सच्या दुकानात कोणाला माहीत नसते.

दिवाळीच्या आगेमागे घरोघरी रंगकामे निघतात आणि बाथरूमही नवे करून घेतले जाते. नळ कोणते, टाइल्स कोणत्या, कमोड भिंतीवरचे की जमिनीवरचे, याची चर्चा घरात रंगते. त्या यादीत एक प्रश्न वाढवायला हरकत नाही : आपल्या इमारतीची टाकी कोठे आहे, ती शेवटची कधी उपसली आणि कशाने? उत्तर यंत्राने असे असेल तर गाडीची पावती सोसायटीच्या दप्तरात असली पाहिजे. आता मी मापे घ्यायला नव्या इमारतींतही जातो, आणि आत जाण्याआधी टाकीचे झाकण दाखवायला सांगतो. बहुतेक ठिकाणी वॉचमनलाच ते माहीत असते. ते एखाद्या उभ्या गाडीखाली असते, आणि झाकण पाहायचे तर आधी गाडीच्या मालकाला खाली बोलवावे लागते.